त्याच्या येण्याचा दाब

चपाती लाटताना त्रिशलाच्या उजव्या हातातून लाटणं निसटलं आणि फरशीवर गडगडत गेलं. ते उचलायला ती वाकली, पण हात पुढे गेलाच नाही. तिनं "अहो" अशी हाक मारली, तर तोंडातून भलताच आवाज निघाला. भरतेश नुकताच दूध घेऊन घरात आला होता. तो धावत स्वयंपाकघरात गेला तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती आणि स्वतःच्या हाताकडे बघत होती. कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूकडे बघावं, तशी.

सहा मिनिटांत हात परत आला, वाचाही आली. "चक्कर आली असेल," असं म्हणत ती लाटणं धुवायला निघाली. भरतेशनं तिचं काही ऐकलं नाही. तिला तसंच दवाखान्यात नेलं.

मिरजेत त्या दोघांना ओळखणारी माणसं बरीच होती. भरतेश मगदूम एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात होता, नदीकाठच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवर, पंप चालवायचा. त्रिशलाबाई पालिकेच्या शाळेत शिकवायच्या. आता तो चौसष्ट वर्षांचा, ती एकोणसाठ. घरात दोघंच.

डॉ. निलोफर मुजावर यांनी मेंदूचं चित्र काढून घेतलं, रक्त तपासलं, रक्तदाब तीनदा मोजला. तिन्ही वेळा एकशे सव्वीस आणि ऐंशी.

"छोटा झटका येऊन गेला, काका," त्या म्हणाल्या. "गुठळी आपोआप विरघळली. पण चित्रात सात-आठ जुने बारीक डाग दिसताहेत. काकूंना साखर नाही, मीठ बेताचं. असे डाग सहसा दाबानं पडतात. आणि इथं तर दाब अगदी व्यवस्थित आहे. तेच मला आवडलेलं नाही."

"म्हणजे?"

"चोर पोलीस चौकीत शहाण्यासारखाच वागतो. चोरी कुठं करतो ते त्याच्या मागं मागं जाऊन बघावं लागतं. काकूंना अहोरात्र लावू या."

अहोरात्र म्हणजे काय, हे २०४१ साली कुणाला सांगावं लागत नव्हतं. पूर्वी दंडाला पट्टा बांधून कमरेला डबी अडकवायचे. दर अर्ध्या तासाला पट्टा फुगायचा, माणूस बोलता बोलता हात सरळ धरून गप्प उभा राहायचा, रात्री दचकून जागा व्हायचा. दिवसाकाठी पन्नासेक आकडे मिळायचे. आता गळ्याच्या हाडाखाली पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी चिकटवत आणि दंडात एक कडं घालत. हृदयाचा ठोका पडल्यापासून त्याची लाट दंडापर्यंत यायला किती वेळ लागला, तेवढं ते यंत्र मोजायचं. नळी जितकी ताणलेली, तितकी लाट जलद. भरतेशला हे समजावून सांगावं लागलं नाही. पाइपात अचानक झडप बंद केली की धक्का कसा पळतो, ते त्यानं एकतीस वर्षं तळहातानं अनुभवलं होतं. प्रत्येक ठोक्याला एक आकडा. चोवीस तासांत एक लाख आकडे.

पण लोक त्या यंत्राला दबकून असत ते दुसऱ्याच कारणानं. पट्टीला ऐकू यायचं. बोलणं ती साठवत नसे, फक्त आवाजांचे साचे ओळखायची. हा मिक्सर, हे कुत्र्याचं भुंकणं, ही अमुक एका माणसाची पावलं. मग कुठल्या आवाजाबरोबर दाब चढतो आणि कुठल्याबरोबर उतरतो, याचं गणित मांडून दुसऱ्या दिवशी ती एक कागद देई. त्याला कारणपत्रक म्हणत. पहिल्या दोन वर्षांत कारणपत्रकांनी कितीतरी जीव वाचवले. कुणाला कारखान्याचा भोंगा बाधत होता, कुणाला पहाटेचा गजर. नंतर त्यात माणसांची नावं यायला लागली. साहेबांच्या बदल्या झाल्या. सासूबाई गावाकडे गेल्या. लग्न ठरवण्याआधी मुलामुलींना एक दिवस अहोरात्र लावून एकत्र बसवायची पद्धत पडली. कोर्टानं कारणपत्रक पुरावा म्हणून मानायला नकार दिला, पण घराघरांत तेच शेवटचं प्रमाण ठरलं.

"रोजची सगळी कामं करायची," पट्टी लावताना नर्सनं सांगितलं. "अंघोळ तेवढी उद्या."

"अंघोळ नाही तर बस्तीत कशी जाऊ मी?" त्रिशला म्हणाली. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, रोज सकाळी पूजेला जायचा तिचा नेम होता.

"एक दिवस भगवान समजून घेतील," भरतेश म्हणाला.

त्या दिवशी ती घरीच राहिली. तिनं मेथी निवडली, कपाट लावलं, दुपारी बहिणीशी फोनवर बोलली. भरतेश नेहमीसारखा चार-पाचदा बाहेर जाऊन आला. गिरणी, फिरणं, भाजी. गल्लीत त्याची एकट्याचीच पेट्रोलची स्कूटर उरली होती, तिचा आवाज कोपऱ्यापासून यायचा. रात्री तो दोनदा उठला, वयच तसं होतं. पाणी पिऊन परत येऊन झोपला. त्रिशला स्वस्थ झोपलेली दिसली.

कारणपत्रक दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या फोनवर आलं. त्रिशला न्हाणीघरात होती, दोन दिवसांची अंघोळ एकदम उरकत होती. भरतेशनं चष्मा लावला.

दिवसाचा सरासरी दाब एकशे चोवीस. रात्री तो उतरायला हवा होता, निरोगी माणसाचा दहा-पंधरा टक्क्यांनी उतरतो. त्रिशलाचा चढत होता. मधे मधे तर एकशे सत्तरच्या वर. खाली लिहिलं होतं, प्रमुख कारण: पती. वाटा: एकाहत्तर टक्के.

त्यानं ते परत वाचलं. मग चष्मा पुसला आणि परत वाचलं. न्हाणीघरातून तांब्याचा आवाज येत होता. त्यानं फोन खिशात घातला, चप्पल घातली आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. आपण बाहेर असलो तर आत्ता या क्षणी तिचा दाब बरा असेल, एवढंच त्याच्या मनात आलं.

* * *

"मी कधी हात उगारलेला नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "ओरडलो असेन. ती मुख्याध्यापिका होणार होती, तेव्हा बदलीच्या गावी जाऊ नको म्हणालो. ते चुकलं माझं. पण..."

"काका, आधी ऐका." डॉ. निलोफरनी आलेख भिंतीवरच्या पडद्यावर घेतला. "तुम्ही शेजारी बसलेले असता तेव्हा काही होत नाही. दोन तास बसा, रेघ शांत आहे. तुम्ही बाहेर गेलात, तरी शांत. तुम्ही येता तेव्हा होतं. चोवीस तासांत तुम्ही नऊ वेळा घरात किंवा खोलीत आलात. या नऊ उसळ्या मोजा."

भरतेशनं मोजल्या. नऊ होत्या. त्यातल्या दोन रात्रीच्या.

"झोपेतसुद्धा?"

"झोपेत जास्त. तुम्ही पाणी पिऊन परत आलात, काकू जाग्या झाल्या नाहीत, पण दाब दीड मिनिटात एकशे बावीसवरून एकशे बाहत्तरवर गेला. वीस मिनिटांनी उतरला. रोज रात्री दोनदा, असं किती वर्षं चाललंय कोण जाणे. ते डाग त्याचेच आहेत."

त्रिशला म्हणाली, "मला तर काही जाणवत नाही. धडधड नाही, घाम नाही. यंत्राला काय कळतंय?"

"काकू, मनाला न विचारता शरीर बरंच काही करतं. आणि ही रागाची रेघ नाही. रागात दाब चढतो आणि रेंगाळतो. हा एकदम उसळतो, ही भीती आहे. पण भीती यांची, यांच्याबद्दलची, की आणखी कशाची, ते यंत्र सांगू शकत नाही. त्याला फक्त पावलं कळतात."

गोळ्यांनी भागण्यासारखं नव्हतं. दाब कमी करणारी गोळी वाढवली असती तर त्रिशला दिवसा चक्कर येऊन पडली असती आणि उसळी तशीच राहिली असती. उसळीच थोपवणारी जी औषधं होती, ती तिच्या दम्याला चालणारी नव्हती. मनाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं, पण त्याला महिने लागणार होते.

"आणि तेवढ्यात मोठा झटका आला तर?" भरतेशनं विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "तीन महिन्यांचा विराम लिहून देऊ शकते मी. तुम्ही वेगळं राहायचं. विरामघरात सोय आहे."

"काही गरज नाही," त्रिशला ताडकन म्हणाली. "या वयात नवऱ्याला घराबाहेर काढू? एका चिकटपट्टीच्या सांगण्यावरून?"

* * *

त्यांनी दहा दिवसांसाठी पट्टी परत लावून घेतली आणि आकडा दिसायची छोटी पाटी स्वयंपाकघराच्या दाराशी टांगली. भरतेशला खात्री होती की यातून वाट निघेल. जॅकवेलवर त्यानं याहून अवघड बिघाड काढले होते.

पहिल्या दिवशी त्यानं स्कूटर कोपऱ्यावर लावली आणि चालत आला. फाटकाची कडी वाजली, एकशे एकोणसत्तर. दुसऱ्या दिवशी कडीला तेल घातलं, चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आत आला. एकशे चौऱ्याहत्तर. मग न सांगता येण्याऐवजी सांगून यावं असं ठरलं. गल्लीच्या तोंडापासूनच तो मोठ्यानं म्हणायला लागला, "त्रिशला, मी येतोय गं, सावकाश येतोय." शेजारच्या खिडक्यांत हसू पिकलं. त्रिशलाही हसली. हसता हसता पाटीवर एकशे सदुसष्ट झाले. फोन करून आला, तर फोनच्या घंटीलाच दाब चढला. मागच्या दारानं आला. भाजीची पिशवी पुढे धरून आला. एकदा तर तिलाच बरोबर घेऊन बाहेर गेला आणि दोघं एकदम घरात आले. त्या वेळी काही झालं नाही. पण दिवसातून नऊ वेळा दोघांनी हात धरून घरात येणं शक्य नव्हतं. रात्री तहान लागली तरी तो अंथरुणात तसाच पडून राहायला लागला.

सातव्या दिवशी दुपारी तो मागच्या दारानं आला तेव्हा ती जोत्यावर बसली होती. पाटीकडे त्यानं पाहिलं नाही. तिच्याकडेही पाहवलं नाही.

"त्या दिवशी किती वाजता आला होतात तुम्ही?" तिनं विचारलं.

कुठल्या दिवशी, असं त्यानं विचारलं नाही. बारा वर्षांत त्यांच्या घरात 'त्या दिवशी' या शब्दांना दुसरा अर्थ नव्हता.

"चार वीसला."

"मी गच्चीवर शेवया वाळत घातल्या होत्या. गाडीचा आवाज आला. तुमची पाळी सहाला सुटायची. मला वाटलं, आज लवकर सुटले. मला बरं वाटलं हो. मी पळत खाली आले, हसत आले. म्हटलं, आज कसं काय लवकर?"

भरतेशला ते हसू आठवत होतं. तेवढंच आठवत होतं.

त्यांचा मुलगा सन्मती तेव्हा सतरा वर्षांचा होता. बारावीचा शेवटचा पेपर देऊन तो धरून चार पोरं नदीवर पोहायला गेली. तिघं ओरडत जॅकवेलकडे धावत आली तेव्हा भरतेश पाळीवर होता. ओढ कमी व्हावी म्हणून त्यानं चारही पंप बंद केले, स्वतः पाण्यात उतरला, आणि विहिरीत पाणी ओढणाऱ्या तिसऱ्या दाराच्या जाळीशी त्यालाच सन्मती सापडला. त्या संध्याकाळी निम्म्या मिरजेला पाणी आलं नाही. कुणी एका शब्दानं विचारलं नाही. बाकीचे म्हणत होते, तुम्ही बसा मगदूम, घरी आम्ही सांगतो. त्यानं ऐकलं नाही. ओल्या कपड्यांनी स्कूटर काढली. चार किलोमीटर तो एकच वाक्य मनात जुळवत होता, ते पुन्हा पुन्हा मोडत होतं. दारात ती हसत समोर आली आणि त्याच्या तोंडून दोनच शब्द निघाले, "सन्मती गेला."

"मी दुसऱ्या कुणाला पुढं होऊ दिलं नाही," तो आता म्हणाला. "परक्या माणसाच्या तोंडून तुला कळू नये म्हणून."

"माहीत आहे मला."

"कुणाला तरी सांगू द्यायला हवं होतं."

"मी तुम्हाला कधी दोष दिला नाही. खरंच सांगते. एकदाही नाही, मनातसुद्धा नाही."

"मनात नाही दिलास," तो म्हणाला. "ठाऊक आहे."

तो तिच्या शेजारी जोत्यावर बसला. तो तिथं बसल्यावर आतल्या पाटीवरचा आकडा हळूहळू उतरला असेल, पण उठून बघायचं धाडस त्याला झालं नाही. उठलं की परत यावं लागणार होतं.

* * *

विरामाच्या कागदावर त्यानं तिला न विचारता सही केली. कपाटातून कपडे काढताना ती दारात उभी राहिली.

"तुम्ही काय केलंय म्हणून जाताय?"

"काही केलेलं नाही, म्हणून तर दुरुस्त करता येत नाहीये."

"लोक विचारतील तेव्हा काय सांगू?"

"सांग, मगदूमांना बदली मिळाली." त्यानं हसायचा प्रयत्न केला. तिनं त्याच्या हातातला शर्ट हिसकावून घेतला, पलंगावर फेकला, आणि मग स्वतःच उचलून नीट घडी घालून बॅगेत ठेवला.

विरामघर तासगाव रस्त्यावर होतं. मुलं मिळेनात म्हणून बंद पडलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं वसतिगृह जिल्ह्यानं त्यासाठी घेतलं होतं. भिंतींवर अजून सूत्रं खरडलेली होती. एकशे वीस खोल्यांतून अशी माणसं राहत होती, ज्यांची नावं त्यांच्याच घरच्या कुणाच्या तरी कारणपत्रकात आली होती. शेजारच्या खोलीत शंकर ऐवळे नावाचे निवृत्त हेडक्लार्क होते. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "किती टक्के?"

"एकाहत्तर. बायको."

"माझे चौतीस. नातू." ऐवळे खुर्ची ओढून बसले. "मी खोकलो की घाबरतो म्हणे. दोन वर्षांचा होता तेव्हा एकदा माझ्या खोकल्यानं दचकून जिन्यावरून पडला. त्याला आठवतही नाही. मला बघून आजोबा आजोबा करत पळत येतो बिचारा. आणि पळताना दाब चढलेला."

महिन्याभरात त्रिशलाचे आकडे सुधारले. दुसऱ्या महिन्यात रात्रीचा दाब पहिल्यांदा उतरला. नियम असा ठरला की फोन तिनं करायचा, त्यानं नाही. भेटायला तिनं यायचं, त्यानं नाही. दर रविवारी ती बसनं यायची, डब्यात काहीतरी घेऊन. तीच येत असल्यामुळे काही व्हायचं नाही. दोघं वसतिगृहाच्या मैदानाला तीन-चार चकरा मारत. पूर्वी घरात त्यांचं जितकं बोलणं व्हायचं, त्याच्या दुप्पट त्या चकरांत व्हायला लागलं.

तिच्यात फरक पडत होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. तिनं गल्लीतल्या तीन बायकांना घेऊन संध्याकाळी चालायला सुरुवात केली. हॉलला फिकट पिवळा रंग दिला. सन्मतीच्या खोलीतलं टेबल काढून तिथं शेजारच्या मुलींचा अभ्यासवर्ग घ्यायला लागली. एका रविवारी ती म्हणाली, "अहो, परवा सकाळी सात वाजता जाग आली. सात! मला वाटलं घड्याळ बंद पडलंय." ती मोकळेपणानं हसली. भरतेशही हसला. मग ती गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की तिच्या सगळ्या गोष्टींत हल्ली घर असतं, गल्ली असते, मुली असतात, आणि त्यात आपली कुठं जागा रिकामी राहिल्यासारखी वाटत नाही.

तीन महिन्यांचे सहा महिने झाले. मनाच्या डॉक्टरांकडे तिच्या बैठका झाल्या. मग डॉ. निलोफरनी परत अहोरात्र लावायचं ठरवलं. या खेपेला भरतेशनं घरी जायचं होतं, तिला वेळ न सांगता, पूर्वीसारखं.

तो सकाळी अकरा वाजता गेला. त्यानं फाटक लोटलं. त्रिशलानं दार उघडलं, "या," म्हणाली. दुपारी तो भाजी आणायला बाहेर पडला आणि परत आला. संध्याकाळी फिरून आला. रात्री मुद्दाम दोनदा उठला, पाणी प्यायला, परत येऊन झोपला. दुसऱ्या खेपेला त्याला झोप लागली नाही. त्रिशला बारीक घोरत होती. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी घोरताना ऐकलं नव्हतं. उजाडेपर्यंत तो ते ऐकत राहिला.

कारणपत्रकात पती या नावापुढे शून्य होतं. एकही उसळी नाही. डॉ. निलोफरनी स्वतः फोन केला. "काका, अशी रेघ मी फार थोड्या वेळा बघितलीय. रविवारी सामान उचला आणि घरी जा."

भरतेशनं शनिवारीच खोली झाडली. चादरी धुऊन वाळत घातल्या, ऐवळ्यांना आपली चहाची किटली देऊन टाकली आणि कार्यालयात किल्ली जमा केली. रविवारी दुपारपासून तो बॅग घेऊन खालच्या बाकावर बसला.

त्रिशला चारच्या बसनं आली. हातात डबा होता. बॅगेकडे तिनं एकदा पाहिलं आणि त्याच्या शेजारी बसली.

"रिक्षा सांगितलीयस का?" त्यानं विचारलं.

"नाही."

तिनं डबा मांडीवर ठेवला, त्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"तपासणीच्या त्या दिवशी तुम्ही आलात," ती म्हणाली, "मी दार उघडलं. आणि मला काहीच झालं नाही. यंत्राचं म्हणत नाही मी, माझं सांगते. शेजारचं कुणीतरी आल्यासारखं वाटलं. मी 'या' म्हटलं तुम्हाला. कधी म्हणते का मी तुम्हाला या?"

"तेच तर व्हायला हवं होतं ना? काही न होणं."

"हो. पण मला भीती वाटते. आज नाही, वर्षानं, दोन वर्षांनी ते परत सुरू होईल. मग मला परत तुम्हाला जा म्हणावं लागेल. या वेळी तुम्ही आपणहून निघालात. पुढच्या वेळी मला म्हणावं लागेल, आणि ते मला जमणार नाही. मी गप्प बसेन आणि एक दिवस स्वयंपाकघरात पडेन."

"नाही होणार परत. डॉक्टर म्हणाल्यात."

"अहो," ती म्हणाली आणि थांबली. मैदानात कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं. "तेवढंच नाहीये. मला झोप लागते. बारा वर्षांनी मला झोप लागते. सकाळी उठले की घर शांत असतं, आणि मला ते आवडायला लागलंय. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही. तुमच्याइतकं माझं कुणी केलं नाही. पण तुम्ही परत येणार म्हटल्यावर गेले चार दिवस मी जागीच आहे. दाब वाढत नाही. नुसती जागी असते. यंत्राला ते कळत नाही, कुणाला सांगू?"

ती रडायला लागली. आवाज न करता, तोंडावर पदर न घेता. भरतेशनं तिच्या मांडीवरचा डबा उचलून बाकावर ठेवला, तो कलंडू नये म्हणून. मग तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात गरम होता, बोटं व्यवस्थित हलत होती.

"मला बोल लावा," ती म्हणाली. "काहीतरी बोला."

"काय बोलू? चांगलं झालं, झोप लागते ते."

"आणि ही बॅग भरून बसलाय तुम्ही."

"ती होय? जुने कपडे आहेत त्यात. ऐवळ्यांच्या ओळखीचा एक माणूस नेणार आहे." खोटं त्याला इतक्या सहज बोलता आलं, याचं त्यालाच नवल वाटलं.

तिला ते खरं वाटलं की नाही, कुणास ठाऊक. तिनं डोळे पुसले. त्यांनी मैदानाला दोन चकरा मारल्या. तिनं अभ्यासवर्गातल्या मुलींचं सांगितलं, एकीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले होते. साडेपाचची बस आली. पायरीवर चढता चढता ती वळली.

"रविवारी येऊ ना?"

"ये की. येताना ते हरभऱ्याचं पीठ आण, इथलं चांगलं नसतं."

बस वळणापलीकडे गेली तरी तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग बाकावरचा डबा आणि बॅग उचलून कार्यालयात गेला. टेबलामागची बाई कागदपत्रं आवरत होती. त्याला बघून तिचा चेहरा खुलला.

"काका, अजून इथंच? आम्हाला वाटलं गेलासुद्धा. पेढे न देता जायचं नव्हतं हं."

"किल्ली हवी होती परत," भरतेश म्हणाला. "चौऱ्याऐंशी नंबरची."

तिचं हसू हळूच मावळलं. त्या खुर्चीवर बसून तिनं हे पूर्वीही पाहिलं असावं. खणातून किल्ली काढली, वही उघडली, त्याचं नाव लिहिलं.

"आणखी किती दिवस लिहू, काका?"

त्यानं विचार केला. पंपाच्या नोंदवहीत एकतीस वर्षं त्यानं एकही रकाना मोकळा सोडला नव्हता. आता कुठला आकडा सांगावा, ते त्याला सुचेना.

"तुम्हीच लिहा काहीतरी," तो म्हणाला.

खानावळीतल्या आचाऱ्यानं सवयीनं त्याचं ताट आधीच वाढून झाकून ठेवलं होतं. मगदूमकाका दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. खिडकीबाहेर अजून ऊन होतं, वीसेक मिनिटांचं. भरतेशनं बॅग बाकाखाली सरकवली, हात धुतले, आणि त्रिशलानं आणलेला डबा उघडून तो जेवायला बसला.